एकच पुस्तक ठेवायचं असेल तर कुठलं ठेवाल? (थोर आहे म्हणून नको, खरं कारण सांगा)

दहीपुलाची_पोर
नमस्कार मंडळी. दसऱ्याला आम्ही दहीपुलाजवळचा वाडा सोडून पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये आलो. सामान आलं, माणसं आली आणि मागून पुस्तकांच्या सात गोण्या आल्या. गोण्याच, कांद्याच्या, कारण खोके सगळे भांड्यांतच संपले. बाबांची चाळीस वर्षांची जमवाजमव आहे ती आणि इथे पुस्तकांना जागा म्हणाल तर टीव्हीशेजारी साडेतीन फुटाचा एक रॅक. दादा म्हणतो रद्दीवाल्याला बोलावू, तो किलोवर घेतो. बाबा काहीच म्हणत नाहीत, रोज संध्याकाळी गोणीतून एक पुस्तक काढतात, चाळतात आणि परत त्याच गोणीत ठेवतात. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तर प्रश्न असा की तुमच्याकडे सगळं देऊन एकच पुस्तक ठेवायची वेळ आली तर कुठलं ठेवाल? "मराठी साहित्यातला मैलाचा दगड" छाप उत्तरं नकोत प्लीज, ती गाईडमध्ये मिळतात. तुमच्या घरात जी प्रत आहे तिच्याबद्दल सांगा.

माझं आधी सांगते म्हणजे कोणी लाजणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. जुन्या नाशिकवाल्यांना माहितीये, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की आमच्याकडे खालच्या फडताळातलं सामान वर जातं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ते वर न्यायला वेळच मिळाला नाही. बनगरवाडी सगळ्यात खाली होती. बाबांनी ती पानापानात जुना पेपर घालून वाळवली, वरून इस्त्री फिरवली, तरी आता ती मिटत नाही, पापडासारखी फुगून बसलीये.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर, नोकरीची पहिली अकरा वर्षं सुरगाण्याकडे काढली. आणि ही कादंबरी म्हणजे धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरण्या मास्तराची. शाळा आहे पण पोरं नाहीत, म्हातारा कारभारी ती गोळा करून देतो, आयबू नावाचं एक अनाथ पोरगं मास्तरापाशीच राहायला लागतं. शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी रिकामी होते. त्या शेवटच्या भागात समासात बाबांच्या पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: दिवाळीनंतर पट १९, हजर ६. खाली पोरांची नावं आणि प्रत्येकापुढे "बागेवर". मी लहानपणी विचारलं होतं की ही मुलं बागेत खेळायला गेली का. बाबा म्हणाले हो. खूप मोठी झाल्यावर कळलं की द्राक्षबागेवर, आईबापाबरोबर मजुरीला.

ते हजेरीपत्रक मी किलोवर नाही देऊ शकत. आता तुम्ही सांगा.

पंचवटीपासवाला
पहिला नंबर माझा. १४ वर्षं पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढतोय, जायला चार तास यायला चार तास, डब्यात निम्मे लोक पत्ते खेळतात, निम्मे झोपतात, मी वाचतो, त्यामुळे मला डब्यात मास्तर म्हणतात (तुमच्या बाबांना नमस्कार सांगा).

ठेवणार विश्राम बेडेकरांचं रणांगण. छोटंसं आहे, हे एक कारण. जाड पुस्तक उभ्याने वाचता येत नाही हो, कसाऱ्याच्या घाटात एका हाताने दांडी धरायची असते. १९३९ सालचं पुस्तक, महायुद्ध सुरू झालं ते साल. युरोपातून निघालेली बोट, तीवर आपला चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून पळालेली ज्यू माणसं, त्यात हॅर्टा. बोटीवरचे मोजून काही दिवस, त्यात होतं ते सगळं. मुंबई येते आणि चक्रधर उतरतो, त्या लोकांना उतरता येत नाही. पुढे सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सकाळी जाताना सुरू केलं आणि परतीला शेवटाशी आलो होतो. नाशिकरोड आलं, लोक उतरले, मी नाही उतरलो. म्हणजे कळलं होतं गाडी थांबलीये, पण वीसेक पानं राहिली होती आणि वाटलं आत्ता उठलो तर उद्या सकाळी डब्यात ते वाचवणार नाही. सरळ मनमाडला गेलो. बायकोला फोन करून सांगितलं डोळा लागला. आजपर्यंत तिला तेच माहिती आहे. ती इथे नाही याची खात्री करूनच लिहितोय.

तेव्हापासून रोज सीएसएमटीला उतरताना कधीतरी एखाद्या दिवशी वाटून जातं की आपण कसलाही विचार न करता उतरतोय. बाकी काही नाही.

चिऊचीआई
@पंचवटीपासवाला 😂😂 स्क्रीनशॉट घेतलाय.
माझं उत्तर अगदी बाळबोध आहे. फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा. जो कुठला भाग हाताशी असेल तो. मुलगा ९ वर्षांचा, इंग्लिश मीडियम, मराठी म्हणजे शाळेत तिसरी भाषा आणि घरी आजीशी भांडायची भाषा. रोज रात्री दोन पानं मी वाचते, "टॉक्" आलं की तो करतो. परवा पार्किंगमध्ये सायकलवरून पडला, गुडघा फुटला आणि रडायच्या आधी तोंडातून टॉक् आलं. मला दुसरं पुस्तक नको.

निवृत्त_पण_जागा
दहीपुलाची पोर, तुमचा प्रश्न आवडला. मी बँकेत ३४ वर्षे काढली, वाचनाची आवड सावानामुळे लागली. नव्या मुलांसाठी सांगतो, सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० सालचे. तिथून इतकी पुस्तके आणली आणि परत केली की घरात फार जमलीच नाहीत, त्यामुळे तुमच्यासारखी पंचाईत नाही.

माझ्या स्वतःच्या मालकीची जी थोडी आहेत त्यात लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे मी कुणाला हात लावू देत नाही. नाशिकच्या लोकांनी तर वाचावीच, कारण बाई आपल्या जलालपूरच्या, गंगापूरजवळचे गोदाकाठचे जलालपूर. आता तिकडे प्लॉटच्या पाट्या बघायला जातात लोक. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरात आणलेला किराणाही धुऊन घ्यायचे. पुढे नवरा कवी, मनात आले की न सांगता घर सोडून जाणारा, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. बाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि मग १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एवढे सगळे सांगतात कसे तर शेजारच्या काकू ओट्यावर बसून सांगतील तसे. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. स्वतःची फजिती सांगताना तर इतक्या रंगात येतात की रडावे का हसावे कळत नाही. आत्मचरित्र लिहिणाऱ्या पुरुषांपैकी फार थोड्यांना हे जमले आहे असे माझे मत, वाद घालायचा असेल तर घाला.

आता प्रतीविषयी. २००९ मध्ये माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. तेव्हा सौ. रोज दुपारी मोठ्याने वाचून दाखवायच्या. आम्ही दोघे इतके हसायचो की खालच्या मजल्यावरून एकदा विचारायला आले, सगळे ठीक आहे ना. नंतर डोळे बरे झाल्यावर मी परत स्वतः वाचायला घेतले तर लक्षात आले की लक्ष्मीबाईंचे मूल जाते तो भाग मी ऐकलेलाच नाही. सौ. ने तो वाचलाच नव्हता, सरळ पुढच्या प्रसंगावर गेल्या होत्या. मी त्यांना कधी विचारले नाही. कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

पुस्तक माझ्या उशाशी असते.

थर्डइयर_बॅकलॉग
काका 🙏

मी काय लिहू आता यानंतर. माझ्याकडे प्रत नाहीये, मोबाईलवर ईबुक आहे, चालेल का? कोसला. कॉलेज रोडला रूमवर चौघं राहतो, पुस्तक ठेवायला जागा म्हणजे उशीखाली. नेमाडेंचा पांडुरंग सांगवीकर गावाकडून पुण्याला शिकायला येतो, होस्टेल, मेस, सेक्रेटरीपणा, पैसे उडवणं, परीक्षेचा बोऱ्या, हे सगळं १९६३ सालचं आहे यावर माझा विश्वासच बसेना. आमच्या मेसमधली भाजीपण तीच असणार. मित्राला वाचायला दिली तर आठवडाभर सगळे बोलताना उदाहरणार्थ आणि वगैरे लावत होते, व्हायवाला पण. बॅकलॉगचं कारण उदाहरणार्थ हेच वगैरे.

पण मनूचं जे आहे ना, त्याची धाकटी बहीण. ते मी रात्री दीडला वाचलं आणि गॅलरीत जाऊन बसलो. सकाळी बहिणीला फोन केला तर ती म्हणे पैसे पाहिजेत का?

पंचवटीपासवाला
@थर्डइयर_बॅकलॉग मित्रा विशीत वाचलीस ते बरं केलंस. मी पण विशीत वाचली होती, बापावर चिडून. मागच्या वर्षी परत काढली तर सगळं पुस्तकभर मी सांगवीकरच्या वडिलांच्या बाजूने. पोरगा पुण्यात पैसे उडवतोय आणि बाप गावाकडून पाठवतोय. माझा मोठा मुलगा सध्या पुण्यात आहे हे सांगायला नको.

जेलरोडकर
मी जरा उलटं लिहू का? मला श्यामची आई कधीच आवडलं नाही. शाळेत बक्षीस म्हणून तीन वेळा मिळालं, तीनही प्रती कुणा ना कुणाला देऊन टाकल्या. सतत रडायचं आणि सतत आईने काहीतरी शिकवायचं, मला वाटायचं ह्या बाईला कधी नुसतं चिडता येत नव्हतं का.

मग लग्न होऊन जेल रोडला आले. हा नाशिकरोडचा जेल रोड, बाहेरगावच्यांना नाव ऐकून धक्का बसतो, कुरिअरवाले हसतात. आणि मग कुठेतरी वाचलं की साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय, १९३३ च्या फेब्रुवारीत, बराचसा भाग पाच दिवसांत. पाच दिवस! मी चौथ्यांदा प्रत घेतली, स्वतःच्या पैशाने, साहित्य म्हणून नाही तर हे बघायला की कोंडलेला माणूस असा पाच दिवस काय लिहितो. आणि अचानक वेगळंच दिसायला लागलं. त्याला आई आठवत होती एवढंच आहे ते. बंद खोलीतल्या माणसाला कोकणातलं पाणी आणि झाडं आणि पोहायला ढकलणारी आई आठवतेय. संस्कारबिंस्कार आपण नंतर चिकटवले, पाठ्यपुस्तकवाल्यांनी.

अजूनही रडू येत नाही मला. पण ही चौथी प्रत देणार नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी
राम राम. मी काही वाचक नाही, दहावीनंतर शाळा सुटली ती सुटली, बायको म्हणते तू फक्त औषधाच्या डब्यावरचं वाचतो. तरी लिहितो कारण पहिल्या पोस्टमधलं बागेवर वाचून थांबलो.

पुस्तक एक होता कार्व्हर. वीणा गवाणकर यांचं. आमच्या शाळेतल्या सरांनी नववीत असताना दिलं होतं वाचायला आणि मी ते परत केलं नाही. २७ वर्षं झाली. शिक्का आहे शाळेचा त्यावर. आज कबुली देतो.

जॉर्ज कार्व्हर म्हणजे अमेरिकेतला काळा माणूस, जन्म गुलामीत, तान्हा असताना आईसकट पळवून नेला, मालकाने एक घोडा देऊन त्याला परत मिळवला पण आई काही सापडली नाही. शिकायला दारोदार. नंतर १८९६ मध्ये टस्कीगीच्या शाळेत शेती शिकवायला गेला तर तिथे प्रयोगशाळाच नाही, भंगारातनं बाटल्या बरण्या गोळा करून प्रयोगशाळा केली. जमीन कापूस घेऊन घेऊन मेलेली. त्याने सांगितलं भुईमूग लावा, चवळी लावा, रताळं लावा, जमीन जिवंत होईल. मग भुईमूग एवढा झाला की कोणी घेईना, तर त्याच्यापासून काय काय बनवता येतं ते शोधत बसला. हे जे आहे ना, पीक भरघोस आलं आणि भाव नाही, हे आम्हाला समजावून सांगायला लागत नाही.

ऑक्टोबर छाटणी झाली की दीड दोन महिने झोप नसते. पाऊस पडला की डाऊनी रोगाची भीती, रात्री दोनला फवारणीचा ब्लोअर लावायचा. २०१५ ला माल निम्मा गेला तेव्हा बाग तोडायची ठरवली होती. तेव्हा हे पुस्तक परत काढलं. त्यात काही द्राक्षाचं औषध लिहिलेलं नाही. पण तो माणूस रोज पहाटे उठून रानात जायचा, झाडाला विचारायचा तुला काय पाहिजे. मी पण गेलो पहाटे. झाड काही बोललं नाही, पण बघत बसलो म्हणून कळलं की खालच्या चार ओळीत पाणी साचतंय. चर काढला. बाग आहे अजून.

पीनट बटर पण त्यानेच शोधलं.

थर्डइयर_बॅकलॉग
भाऊ भारी. फक्त एक, पीनट बटर कार्व्हरने नाही शोधलं, ते आधीपासून होतं. त्याने १९१६ मध्ये शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली होती, त्यावरून लोकांनी चिकटवलं.

द्राक्षबाग_दिंडोरी
बरं झालं सांगितलं. मी २७ वर्षं लोकांना सांगतोय.

अंबड_सेकंडशिफ्ट
बाबुराव बागूल. जेव्हा मी जात चोरली होती. १९६३ चा कथासंग्रह. बागूल आपल्या विहितगावचे, आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं, पण मला हे शाळेत कोणी सांगितलं नाही. नाशिक म्हटलं की कुसुमाग्रज आणि कानेटकर, त्यांच्याबद्दल आदरच आहे, कुसुमाग्रजांची विशाखा माझ्याकडे पण आहे. पण हे नाव मला अंबडला कंपनीत लागल्यावर एका हेल्परने सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, डब्यावर पुस्तक ठेवून.

नावाच्या कथेतला माणूस रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात न सांगता भाड्याने राहतो. कळल्यावर काय होतं ते वाचा. मी २०१४ मध्ये खोली शोधत होतो. तीन ठिकाणी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, पहिला प्रश्न "पूर्ण नाव काय". तिसऱ्या ठिकाणी मी आडनाव खोटं सांगितलं. खोली मिळाली. आठ महिने राहिलो. आठ महिने घरी कोणी मित्र आणला नाही, भिंतीवर फोटो लावला नाही, आणि हे पुस्तक पेपरचं कव्हर घालून ट्रंकेत कपड्याखाली ठेवलं. मग सोडली खोली, स्वतःच, कोणी काढलं नाही.

आता सिडकोत स्वतःचं घर आहे. पुस्तक हॉलमध्ये आहे, दारातून दिसेल असं. कव्हर काढलं.

निवृत्त_पण_जागा
@अंबड_सेकंडशिफ्ट मी सावानातून शेकडो पुस्तके आणली, हे आणले नाही. या आठवड्यात जातो.

चिऊचीआई
@अंबड_सेकंडशिफ्ट काय लिहू कळत नाही. वाचलं, एवढं सांगायचं होतं. मी पण घेते हे.

दहीपुलाची_पोर
सगळ्यांचं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, जेवणं झाल्यावर. मनमाडचा किस्सा दोनदा वाचायला लावला. त्यांचं म्हणणं रणांगण चौथ्या गोणीत आहे, मी बघितलं तर खरंच चौथ्यात आहे, म्हणजे सातही गोण्या त्यांना पाठ आहेत आणि आम्ही रद्दीचा भाव विचारत होतो. बागूलांचं पुस्तक आमच्याकडे होतं, बाबांनी कोणाला तरी दिलं ते आलं नाही, कोणाला ते पण त्यांना आठवतंय पण सांगत नाहीत.

दादाने दाराच्या वर एक लांब फळी मारायचं कबूल केलंय. त्यात तीन गोण्या बसतील. चार उरतात.

@द्राक्षबाग_दिंडोरी भाऊ, बाबांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. तुमच्याकडे छाटणीला सुरगाणा पेठकडची माणसं येतात का अजून, आणि पोरं बरोबर असतात का.

द्राक्षबाग_दिंडोरी
येतात ना ताई. दसऱ्यानंतर येतात, थिनिंग (मणी विरळणी) होईपर्यंत राहतात, काही खुड्याला म्हणजे माल तोडायला परत येतात. पूर्वीपेक्षा पोरं कमी, काहीजण आश्रमशाळेत ठेवून येतात, पण ह्या वेळेला माझ्याकडेच सात आहेत. दोन तर चौथी पाचवीतली. दुपारी शेडमध्ये असतात, मोबाईल बघतात नाहीतर रिकामे क्रेट लावून घर घर खेळतात.

दहीपुलाची_पोर
बाबा विचारतायत वाचता येतं का त्यांना.

द्राक्षबाग_दिंडोरी
मोठ्या दोघांना येतं. एक पोरगी तर औषधाच्या डब्यावरचं मोठ्याने वाचत असते, मला पीएचआय (फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही ते) काय ते विचारत होती.

दहीपुलाची_पोर
बाबा उठून गोण्यांपाशी गेलेत. माझं ऐकत नाहीयेत आता. आमच्याकडून दोन गोण्या तुमच्याकडे कशा पोचवायच्या?

द्राक्षबाग_दिंडोरी
शनिवारी पिकअप पंचवटीत मार्केट यार्डला टोमॅटो घेऊन येणार आहे, रिकामी जाते परत. सकाळी ९ पर्यंत दिंडोरी रोडच्या गेटपाशी आणा, ड्रायव्हरचा नंबर मेसेज करतो. कांद्याच्या गोणीत असतील तर नीट खूण करा, नाहीतर तिथेच लिलावात लावतील.

चिऊचीआई
दोन फास्टर फेणे माझ्याकडून पण, डबल आहेत. ते वरती ठेवा हं, गोणीच्या तळाला नको.